गेममधला बस्ता

माझं कापडाचं दुकान चाललं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. दुकान खरं नव्हतं, ते एका कॉम्प्युटर गेममध्ये होतं, पण मेहनत खरी होती. या गेममध्ये जिंकायचं-हरायचं काही नसतं. एक गाव असतं, गावात तुमचं घर असतं, घरातल्या माणसांना उठवायचं, जेवू घालायचं, कामाला लावायचं, त्यांची लग्नं जमवायची आणि कुणी कुणाशी बोलायचं ते ठरवायचं. म्हणजे आमची थोरली आत्या जे चाळीस वर्षं फुकटात करत आली, तेच जगभरातले लोक पैसे मोजून करतात.

मी केडगावात राहते, आईवडील आणि धाकट्या भावाबरोबर. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढते. वय छत्तीस. लग्न केलेलं नाही, आणि त्यावर बोलून बोलून नातेवाईक थकलेत, त्यामुळे रविवारची दुपार माझी स्वतःची असते. त्या दुपारी मी हा गेम खेळायचे.

तर दुकान. चौकात मोक्याची जागा, काचेचं दार, भिंतीला माणूसभर आरसा, रंगवार लावलेल्या घड्या. आणि गिऱ्हाईक एक नाही. गेममध्ये माणसं दोन तऱ्हेची असतात. एक तुमच्या घरातली, ज्यांना तुम्ही हुकूम सोडता. दुसरी मागची, रस्ता ओसाड दिसू नये म्हणून सोडलेली. ही मागची माणसं दिवसभर चालत असतात. कोपऱ्यापर्यंत जातात, आभाळाकडे बघतात, एकमेकांना हात करतात आणि परत फिरतात. माझ्या दुकानासमोर थांबून काचेतून आत डोकावायचीसुद्धा. पण आत पाऊल टाकायची नाहीत. गेम बनवणाऱ्यांनी त्यांना पाय दिले होते, गरज दिली नव्हती.

आता केडगावात असा एक माणूस दाखवा. पुणे रोडने जो कुणी चाललाय त्याच्या हातात पिशवी आहेच. आमच्याकडे दहाव्याला गेलेला माणूसही येताना मेथीच्या दोन जुड्या घेऊन येतो, आणि मेथी कशी मिळाली हे दहाव्यापेक्षा जास्त वेळ सांगतो. त्यामुळे रिकाम्या हाताने हिंडणारं ते गाव मला बघवेना. मी ठरवलं, या मागच्या माणसांना आपण खरेदी करायला शिकवायचं. आपापली. कुणी हुकूम न सोडता.

अशा गेमला खेळणारेच घरच्या घरी एखादं ठिगळ शिवून लावतात, त्याला मॉड म्हणतात. शिवणाऱ्याला मजुरी नसते, शिव्या मात्र मिळतात. कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमला बारीकसारीक सूचना लिहून द्यायची मला सवय होती, उरलेलं व्हिडिओ बघून शिकले. तीन-चार महिन्यांतल्या रविवारच्या सगळ्या दुपारी त्यात गेल्या. घरात कुणी विचारलं की मी 'कंपनीचं काम' म्हणायचे. आमच्या घरात कंपनीच्या कामाला कुणी नाव ठेवत नाही, मग ते काहीही असो.

कॉम्प्युटरची एक वाईट खोड असते. त्याला 'खरेदी कर' म्हणून भागत नाही, खरेदी म्हणजे काय ते पायरीपायरीने सांगावं लागतं. म्हणून मी आधी वहीत लिहून काढलं. आधी माणसाला काहीतरी हवंसं वाटेल. मग तो ते घरात सांगेल. मग बरोबर यायला माणसं गोळा करेल. सगळे दुकानात जाऊन बसतील. पाणी पितील. वस्तू बघतील. मग ज्याला हवं आहे तो, बरोबरच्यांत वयाने जो सगळ्यात मोठा असेल त्याच्या तोंडाकडे बघेल. मोठ्याने मान डोलावली तर घेईल, नाही तर सगळे उठतील. हे मी दोनदा वाचून काढलं आणि मला त्यात काहीही चूक दिसली नाही. जसंच्या तसं मॉडमध्ये घातलं, आणि इंटरनेटवर असले मॉड जिथे ठेवतात तिथे ठेवून दिलं.

आठवड्याभरात निरोप यायला लागले. पहिला कुठल्या तरी थंड देशातल्या बाईंचा होता. भाषा फार नम्र. त्यांच्या गावातल्या बेकरीत सकाळपासून अकरा माणसं बसून आहेत, असं त्यांनी कळवलं होतं. एकीला पाव हवा आहे. बाकीची दहा तिच्याबरोबर आली आहेत. हॅट घातलेले एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक पावाकडे बघून नकारार्थी मान हलवतात. सगळे पाणी पितात आणि जातात, आणि दुसऱ्या दिवशी तीच अकरा माणसं परत येतात. यात काही बिघाड आहे का, असं बाईंनी विचारलं होतं. दुसऱ्या एकाची तक्रार त्याहून बिकट होती. त्याच्या गेममधल्या घरात आजोबा वारलेले होते, आणि या गेममध्ये मेलेली माणसं अधूनमधून भूत होऊन घरात वावरतात. वयाने सगळ्यात मोठे तेच. घरातल्या नातवाला बूट घ्यायचे होते, तर माझ्या मॉडने त्या भुताला दुकानात बोलावून विचारलं, आणि भूत नाही म्हणालं. मेलेल्या आजोबांना काय आवडलं असतं यावर खरेदी अडणं आमच्याकडे तरी नवल नाही, पण ते मी त्या गृहस्थांना लिहिलं नाही.

मी खूप हसले. मग कळलं की मी हे मुद्दाम केलं नव्हतं. खरेदी म्हणजे हेच, असं मला खरोखर वाटत होतं.

कारण मी जी खरेदी बघत मोठी झाले ती बस्त्याची. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी मिळून नगरच्या कापडबाजारात जातात आणि लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेतात. गाडीत मावतील तेवढी माणसं घ्यायची, आणि मग आणखी चार. दुकानात पांढऱ्या गादीवर सगळे मांडी घालून बसतात. पहिलं कापड देवीचं काढतात, मग नवरीचा शालू, मग मानाच्या साड्या उतरत्या क्रमाने. पुढच्या रांगेत मानाच्या बायका, त्यांच्यामागे बाकीच्या. पुरुष दुकानाच्या पायरीवर बसून राजकारण बोलतात आणि मधूनच आत डोकावून 'अजून न्हाई झालं?' असं विचारतात, तेवढंच त्यांचं काम. माझ्या वडिलांनी आयुष्यात पन्नासेक बस्ते केले असतील, पण एकही साडी बघितलेली नाही.

पुढच्या रांगेत मधोमध थोरली आत्या. ती वडिलांची मोठी बहीण, पाथर्डीकडच्या एका गावात दिलेली, पण सत्ता सगळीकडे. तिच्याशिवाय आमच्या भावकीत बस्ता बांधला गेलेला नाही. खोटं कशाला बोलू, तिला कळतं. कापड चिमटीत धरून ती सांगते की तिसऱ्या धुण्याला याचं काय होईल. दुकानदारही तिच्यापुढे दबून असतात. पण कापडाइतकंच माणसांतलंही आपल्याला कळतं अशी तिची खात्री आहे. कुणाला काय खुलतं, काय खुलत नाही, हे ती एकदा बघून सांगते आणि तो निकाल वर कुठे नेता येत नाही.

आणि आई मागे, चपलांजवळ. सगळ्यांची पोरं, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या तिच्याकडे. सगळं होत आल्यावर आत्याला आठवण व्हायची, की अगं हिची राहिली. मग उरलेल्या ढिगातून एक निघायची. आत्या ती लांबूनच आईच्या दिशेने धरून म्हणायची, "ही तुला खुलंल." आई म्हणायची, "तुमी म्हनताल तसं, वन्सं." आमच्या कपाटात आईच्या साड्यांची चळत आहे, आणि त्यातली एकही तिने घेतलेली नाही. त्या तिला मिळालेल्या आहेत. बस्त्यात मिळाल्या, आहेरात मिळाल्या, वडिलांनी आत्याला फोन करून विचारून आणल्या. त्यात मातकट रंग फार, कारण आई सावळी, आणि सावळ्या बाईला मातकट खुलतो असा आत्याचा जुना निकाल आहे.

मी मॉडमधून ती मोठ्याला विचारायची पायरी काढून टाकली. माणसं गोळा करायचीही काढली. पाणी ठेवलं.

त्यानंतर गावात जो धुमाकूळ झाला तो काही विचारू नका. एवढी वर्षं रिकाम्या हाताने हिंडलेली माणसं दुकानांवर तुटून पडली. पोस्टमनने एकाच दिवशी सतरा कुंड्या घेतल्या आणि झाड एकही घेतलं नाही. एका जाड्या गृहस्थाने नवरीचा पांढरा झगा घेतला आणि तो घालून तळ्याकाठी मासे धरत बसला. एक शिक्षिका रोज एक आरसा न्यायची. मी चिडून त्या आरशांचं काहीतरी करणार होते, मग म्हटलं असू दे, तिचं ती बघून घेईल. खेळणारे लोक खूश झाले. त्या थंड देशातल्या बाईंनी कळवलं की पाव आता संपतो आणि गाव जिवंत वाटतं. मी फुशारले. घराबाहेरच्या जगात मला कुणी इतकं बरं म्हटलेलं नव्हतं.

याच सुमारास आई माझ्या खोलीत येऊन बसायला लागली. मांडीवर ताट, ताटात निवडायचे तांदूळ किंवा शेंगा. आधी ती स्क्रीनकडे बघायची नाही, मग चोरून बघायला लागली, मग तांदूळ नुसते मांडीवर राहायला लागले. मागच्या माणसांत एक बाई होती, साधारण आईच्याच वयाची, हिरव्या झग्यातली. ती एकटी यायची, माझ्या दुकानात शिरायची, आरशासमोर उभी राहून दोन-तीन कापडं अंगाला लावून बघायची, एखादं घ्यायची आणि निघून जायची. तिचं घर कुठे हे मलाही माहीत नव्हतं, गेमने तिला घर दिलेलंच नसणार.

एका रविवारी आईने विचारलं, "हिच्यासंगं कुनी न्हाई?"

मी म्हटलं, नाही, ही एकटीच येते.

"मंग घरी जाऊन काय सांगंल?"

मी विचारलं, कुणाला सांगायचं? आईने त्यावर पुष्कळ विचार केला असावा, कारण पुढचा अर्धा तास ती तांदळाची एकच मूठ निवडत राहिली. त्यानंतर मात्र दर रविवारी ती आल्या आल्या 'ती हिरवी' आली का ते विचारायची, आणि आलेली असली की काय घेतलं ते बारकाईने बघायची. कधी नाक मुरडायची. एकदा त्या बाईने जांभळं घेतलं तेव्हा आई म्हणाली की छातीच पाहिजे असलं घ्यायला. मला मजा वाटत होती. आई गेममध्ये रमली म्हणून मी ऑफिसात सांगितलंही.

मग भावाचं लग्न ठरलं. मुलगी पारनेरची, माणसं चांगली, बस्त्याची तारीख काढायची बोलणी फोनवर सुरू झाली आणि घरात आत्याचा आवाज दिवसातून चारदा ऐकू यायला लागला. त्या रविवारी आई तांदूळ न घेताच खोलीत आली. हिरवी बाई दुकानात होती. आई तिच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"मला बी एक घ्यायची हाय," ती म्हणाली. "एकदा. माझ्या मनानं. लगीन लागताना नेसायला."

एवढं एकच वाक्य. पण छत्तीस वर्षांत मी आईच्या तोंडून 'मला पाहिजे' असं ऐकलेलं नव्हतं. कोबी पाहिजे, गॅस पाहिजे, घराला सून पाहिजे, हे ऐकलं होतं. मी तिला वचन देऊन टाकलं, तोंडाने नाही, मनातल्या मनात, आणि मनातलं वचन माणूस जास्त ऐटीत देतो. आईची साडी आईच निवडेल. आत्या आडवी आली तर आत्याशी मी बघून घेईन.

आत्याशी बघून घेणं तितकं सोपं नव्हतं. मुलीकडच्यांनी वरमाईच्या मानाची साडी द्यायची ती देणारच होते, ती बस्त्यात आत्याच काढणार होती, त्याला माझी हरकत नव्हती. पण लग्न लागताना नेसायची साडी घरची, आणि ती आम्ही नंतर वेगळी घेऊ, असं मी फोनवर सांगितलं. वेगळी म्हणजे कोण कोण, असं आत्याने विचारलं. मी म्हटलं, आई. आणि? आणि मी. मग आत्याने विचारलं, की दोघीच बाया दुकानात गेल्या तर दुकानदार काय म्हणेल. मग म्हणाली, की तिला कापडातलं काय कळतंय. मग म्हणाली, की आता आमी म्हातारे झालो, आता आमचं काय. शेवटचं वाक्य आमच्या भावकीत ब्रह्मास्त्र समजलं जातं, आणि त्यापुढे आजवर कुणी टिकलेलं नाही. मी टिकले. तीन दिवस आत्याने वडिलांशीही बोलणं टाकलं, मग स्वतःच फोन करून म्हणाली, घ्या काय घ्यायचं ते, पन काठ बघून घ्या.

बस्ता रीतसर झाला. दोन गाड्या भरून सव्वीस माणसं, सकाळी अकरा ते संध्याकाळचे पाच. आत्या पुढे मधोमध. आई मागे, चपलांजवळ, पण या वेळी तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघावंसं वाटत होतं. तिला माहीत होतं की तिचं अजून व्हायचं आहे. मानाची साडी मातकट निघाली.

पुढच्या मंगळवारी मी अर्धी सुट्टी टाकली. आई सकाळपासून तयार होती. रिक्षाने माळीवाड्याला उतरलो आणि कापडबाजारात चालत गेलो, वाटेत ती सगळ्या दुकानांच्या काचांतून बघत होती. आम्ही मुद्दाम बस्त्याच्या दुकानात न जाता दुसऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने हात जोडून 'या मावशी' म्हटलं, आमच्यामागे रस्त्यावर नजर टाकली आणि विचारलं, की बाकीची मंडळी गाडी लावून येतायत का. मी म्हटलं, एवढीच मंडळी. त्याने सवयीने दहा चहा सांगितले होते, ते दोनावर आणताना त्याला फार कष्ट झाले. मग त्याने आम्हाला बसायला जागा दाखवली, आणि आई सवयीने चपलांजवळ बसायला लागली. मी तिला हाताला धरून पुढे आणलं. ती गादीच्या मधोमध बसली, पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले.

पहिली वीस मिनिटं तिने कशालाही हात लावला नाही. तो उलगडत होता, ती बघत होती. मी मोठ्या शहाणपणाने गप्प बसले होते आणि आपण किती गप्प बसलोय याचं स्वतःशीच कौतुक करत होते. मग आईने वरच्या फळीकडे बोट केलं. "ती दावा बरं."

ती नारंगी होती. पिकायला लागलेलं तोंडलं फोडल्यावर आत जसा रंग दिसतो तसा, आणि काठ पोपटी. दुकानदाराने ती उलगडली तशी आईने त्याच्या हातातून घेतली. कुणाला न विचारता उठली, आरशासमोर गेली आणि पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला. एकदा या बाजूने बघितलं, एकदा त्या बाजूने. आईच्या वयाची बाई आरशात बघून अशी हसताना मी पाहिली नव्हती. आईला तर नाहीच नाही.

आणि मी म्हणाले, "आई, हा रंग तुला खुलत नाही गं."

माझ्या तोंडून ते कसं निघालं, याचा मी तेव्हापासून पुष्कळ विचार केलाय. मला खरोखर तसं वाटलं होतं, एवढंच उत्तर सापडतं. रंग भडक होता. काठ विचित्र होता. लग्नाच्या फोटोंत ती आयुष्यभर तशी दिसली असती, मुलीकडच्या बायका काय म्हणाल्या असत्या, आणि आत्या तर काय काय म्हणाली असती. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात येऊन गेलं, आणि मी तिच्या भल्यासाठीच बोलतेय याची मला पक्की खात्री होती. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी पुढे होऊन ढिगातली एक वाइन रंगाची उचलली, बारीक जरीची, सोबर, आणि लांबूनच आईच्या दिशेने धरली. म्हटलं, ही बघ, ही वरमाईला शोभेल.

आईने आरशातून माझ्याकडे बघितलं. खांद्यावरचा पदर काढला. नारंगी साडीची घडी तिने स्वतः घातली, काठाला काठ जुळवून, आणि दुकानदाराच्या हातात दिली.

"तू म्हनशील तसं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. ती नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या जागी जाऊन बसल्यासारखी बोलली, आणि वाइन रंगाच्या साडीला चांगली आहे म्हणाली. दुकानदारानेही मान डोलावली. पोरींना नवीन काय चालतं ते कळतं, असं तो म्हणाला, आणि साडी कागदात बांधायला घेतली. तो सुतळीची गाठ मारत होता तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्याला थांबवलं, म्हटलं ती नारंगी परत काढा, आम्हाला ती पाहिजे. आईला म्हटलं, ती घे ना, तुला आवडली होती ती, माझं ऐकू नकोस.

"न्हाई," आई म्हणाली. "आता नको."

मी म्हटलं, का? आवडली होती ना? मग घे. दोन्ही घेऊ. माझं चुकलं, मी उगीच बोलले.

"आता ती बी तूच घेतल्यावानी हुईल," आई म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.

दुकानदार दोन साड्या हातात धरून उभा होता. त्याच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न आला नसावा. मी वाइन रंगाची घेतली. परत येताना रिक्षात पिशवी आईने मांडीवर ठेवली होती आणि ती केडगाव येईपर्यंत भावाच्या लग्नाच्या आचाऱ्याबद्दल बोलत होती. मी हूं हूं करत होते. मला रडू येत होतं, आणि रडले असते तर तिने मला समजावलं असतं, तेही मला सहन झालं नसतं.

त्या रविवारी ती खोलीत आली नाही. पुढच्याही नाही. लग्नघर होतं, कामं होती, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर एका संध्याकाळी, निमंत्रणांची पाकिटं चिकटवताना, मी तिला विचारलंच, की त्या नारंगीत तुला काय एवढं आवडलं होतं. ती म्हणाली, काय न्हाई, आवडली हुती, त्याला काय कारन लागतंय. मग पाकिटावर डिंक लावला.

लग्न नगरलाच एका मंगल कार्यालयात झालं. आई वाइन रंगात उभी होती आणि, सांगायला लाज वाटते, फार सुंदर दिसत होती. मुलीकडच्या बायकांनी येऊन येऊन साडीला हात लावला. कुठून घेतली, कुणी काढली. आई प्रत्येकीला शांतपणे सांगत होती, लेकीनं काढली, माझ्या लेकीनं. दहा जणींना तरी सांगितलं असेल. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बोट करायची, आणि प्रत्येक वेळी मी हसून मान हलवायचे.

शेवटी थोरली आत्या आली. तिने आईला उजेडाकडे वळवलं, पदर चिमटीत धरला, चोळून बघितला, काठ उलटा करून आतली वीण बघितली. मग तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरगी माझ्यावर गेलीय."

आईने आमच्या दोघींकडे बघितलं आणि हसली, अगदी मनापासून. मीही हसले. मग करवल्यांना जेवायला बसवायचं होतं, म्हणून कुणीतरी आईला हाक मारली आणि ती गेली.